घरगुती अडचणीमुळे

खोटे बोलू नये, हे आम्ही वर्गात दर वर्षी शिकवतो. निबंध कसा लिहावा, हेही आम्हीच शिकवतो. या दोन गोष्टींचे आपसांत काही भांडण असेल, असे नोकरीची पहिली दहा वर्षे आमच्या मनातही आले नाही. ते आले आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीमुळे, आणि तेव्हापासून फळ्यावर ‘मजमून’ हा शब्द लिहिताना आमचा हात थोडा अडखळतो.

मुलगी मालेगावची. वडील यंत्रमागावर कामाला. आमच्याच उर्दू शाळेतून २०१६ साली दहावी झाली, पुढे बी.एस्सी. आणि पुण्याला जाऊन संख्याशास्त्रात एम.एस्सी. २०२४ च्या दिवाळीच्या सुटीत ती आमच्या घरी आली. अमेरिकेतल्या विद्यापीठांत बायोस्टॅटिस्टिक्स शिकण्यासाठी अर्ज करायचे होते. ती आज तिकडेच शिकते आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचकाचे लक्ष निकालाकडे लागून राहणार नाही. आम्हाला सांगायचे आहे ते निकालाच्या आधीचे.

जी.आर.ई. नावाची परीक्षा तिने दिली होती. न्यू जर्सीतील एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस ही १९४७ साली स्थापन झालेली संस्था ती घेते. भाषा आणि गणित या दोन भागांना प्रत्येकी १३० ते १७० असे गुण, आणि त्याशिवाय लेखनाला शून्य ते सहा. पूर्वी दोन निबंध लिहावे लागत. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा आखूड झाली, जेमतेम दोन तासांची, आणि निबंध एकच उरला. वेळ तीस मिनिटे. समोर एक विधान येते. ते तुम्हाला कितपत पटते, का पटते, आणि कोणत्या परिस्थितीत पटणार नाही, हे लिहायचे. विषयांची पूर्ण यादी संस्था आधीच जाहीर करते, तीही फुकट. म्हणजे पेपर फुटण्याचा प्रश्नच नाही. तो फुटलेलाच असतो, तरी मुले अडकतात.

ती का अडकतात, हे आम्हाला पटकन कळले, कारण आम्हीच तिला घडवले होते. गणितात तिला १६६ होते. निबंधात तीन. ती म्हणाली, “सर, विषय समजला, शब्दही होते. माझे मत काय आहे, तेच कळेना.” आमच्या शाळेत मजमून शिकवतात तो असा: आधी तमहीद, मग नफ्स-ए-मजमून, शेवटी खातिमा. दहा वर्षांत आम्ही तिला ‘वक्त की पाबंदी’वर लिहायला लावले, ‘इल्म की अहमियत’वर लिहायला लावले. इल्मला महत्त्व आहे की नाही, असे एकदाही विचारले नाही. उत्तर ठरलेले असायचे. फक्त ते सजवायचे.

आणि सजवायचे तरी काय? पाचवीच्या मुलांना आम्ही ‘पहाड की सैर’ लिहायला देतो. मालेगावच्या बाहेर मनमाडपर्यंतही न गेलेली पोरे धुके, झरे आणि सूर्योदय लिहितात. आम्ही पाच पैकी चार गुण देतो. ज्याने लिहिले असते की आम्ही सुटीत कुठेच गेलो नाही, अब्बांची रातपाळी होती म्हणून दिवसभर घरात आवाज करायचा नव्हता, त्याला आम्ही किती गुण दिले असते, ते अल्लाहलाच ठाऊक.

तर ही मुलगी घरी आली तेव्हा तिच्या पिशवीत दुसऱ्याच एका निबंधाचे कागद होते. त्याला तिकडे स्टेटमेंट ऑफ पर्पज म्हणतात. तुम्ही कोण, काय शिकलात, हेच का शिकायचे आहे, आमच्याकडेच का, हे दोन पानांत सांगायचे. सरळ उर्दू करायची तर ‘नियत’. (मराठीत या शब्दाची पंचाईत होते. विभक्ती लावली की ‘नियतीचे’ होते, आणि वाचणाऱ्याला वाटते आपण नशिबाबद्दल बोलतो आहोत. अर्जाच्या बाबतीत दोन्ही अर्थ लागू पडतात, हा भाग वेगळा.) इमाम बुखारींच्या संग्रहाची सुरुवातच नियतविषयीच्या हदीसने होते, हे मदरशातला लहान मुलगाही सांगेल. नियत ही मनात असते. ती दुसऱ्याकडून लिहून घेता येते, अशी कल्पना आमच्या वडीलधाऱ्यांना मजेची वाटली असती.

पण ती लिहून घेतली गेली होती. शहरातल्या एका सल्लागाराने पस्तीस हजार रुपयांत अर्ज, यादी आणि नियत असे सगळे मिळून तयार करून दिले होते. इंग्रजी आमच्यापेक्षा कितीतरी चांगले. सुरुवात अशी होती की मुलींना स्वप्न पाहण्याचीही मनाई असलेल्या एका अंधाऱ्या गल्लीत तिचा जन्म झाला. वडिलांनी पुस्तके हिसकावून घेतली. ती रात्री चुलीच्या उजेडात गणिते सोडवीत असे. तिच्या घरी गॅस आहे, आणि वडिलांनी तिला तीन वर्षे सायकलवर कॉलेजात सोडले, हे सगळ्या मोहल्ल्याला माहीत. आम्ही विचारले, “हे कोण?” ती म्हणाली, “सर, ते म्हणतात तिकडे असेच लागते.”

आमचा संताप झाला, हे कबूल करतो. बाप असा विकायला काढायचा? कौमची बदनामी करून जागा मिळवायची?

‘तिकडे असेच लागते’ हे मात्र अगदीच हवेतले नव्हते. करोनाच्या काळात, २०२० पासून, अमेरिकेतल्या अनेक विभागांनी जी.आर.ई.ची अट काढून टाकली. तिच्या यादीतल्या निम्म्या ठिकाणी ती मागितलीच जात नव्हती. गुणांचे वजन घटले की निबंधाचे आणि शिफारसपत्रांचे वाढते. पुढे २९ जून २०२३ रोजी तिथल्या सुप्रीम कोर्टाने हार्वर्डच्या खटल्यात प्रवेशासाठी वंश पाहण्याला मनाई केली. पण त्याच निकालात असेही म्हटले की वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला, हे उमेदवाराने स्वतः लिहिले तर ते विचारात घ्यायला हरकत नाही. निकाल तिकडच्या मुलांपुरता, त्यांच्या इतिहासातून आलेला. पण निबंधाच्या धंद्याने त्यातून काढायचा तो अर्थ काढला: दुःख असेल तर लिहा, आणि नसेल तर शोधा.

परीक्षेबद्दल आम्ही पुष्कळ वाईट बोलतो. आमच्या मुलांना तिचे शुल्कच परवडत नाही, वीस हजारांच्या वर जाते. तरी तिचा एक गुण मान्य करायला हवा. ती आंधळी आहे. १६६ गुण मिळवणाऱ्या मुलीला ती ‘तुझा बाप कसा आहे’ असे विचारत नाही. निबंधाला डोळे असतात, आणि ते कशाला भुलतात, याचा अंदाज बांधून सगळे लिहू लागतात. मग काय होते, याचा एक नमुना इंग्लंडातला आहे. तिथे विद्यापीठांचे अर्ज यूकास नावाच्या एकाच संस्थेतून जातात. २००७ साली या संस्थेने हजारो उमेदवारांची आत्मनिवेदने संगणकाकडून ताडून पाहिली. २३४ जणांनी लिहिले होते की आठव्या वर्षी प्रयोग करताना आपल्या पायजम्याला जळून भोक पडले आणि तेव्हापासून विज्ञानाची गोडी लागली. एका नमुना-निवेदनातला पायजमा २३४ मुलांनी घातला होता. आता तर नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून प्रत्येकाला नवा पायजमा शिवून मिळतो, आणि पकडले जाण्याची भीतीही कमी झाली आहे.

हसून झाल्यावर आम्हाला आमची ‘पहाड की सैर’ आठवली.

आमचे एक सहकारी आहेत, इतिहास शिकवतात. त्यांच्याशी या विषयावर दोन-तीन संध्याकाळी वाद झाला. त्यांचे म्हणणे असे: मुंबईच्या महागड्या शाळांत समुपदेशक पगारावर ठेवलेले असतात. डॉक्टर-प्राध्यापकांच्या घरात जेवणाच्या टेबलावरच निबंध तपासला जातो. त्याला कोणी लबाडी म्हणत नाही, मार्गदर्शन म्हणतात. आपल्या मुलीने तेच पस्तीस हजारांना घेतले, तर तुमची नैतिकता जागी होते? अल्पसंख्याक मुलांच्या परदेशी शिक्षणासाठी कर्जावरचे व्याज भरणारी ‘पढो परदेश’ योजना २०२२-२३ पासून बंद झाली, मौलाना आझाद फेलोशिपही त्याच सुमारास गेली. (व्याज घ्यावे की न घ्यावे, यावर आपल्याकडे अजून बयाने होतात. आता तो प्रश्न सरकारनेच सोपा करून टाकला.) इतके दरवाजे बंद असताना उरलेल्या खिडकीतून पोरगी वाकून जाते आहे, तर तिने ताठ उभे राहावे, असे सांगणारे तुम्ही कोण? तुमचा पगार सुरू आहे.

हा शेवटचा शब्द आम्हाला लागला, आणि लागावा असाच होता. दुसऱ्याच्या नुकसानीवर स्वतःची पाकी टिकवणे सोपे असते. म्हणून आम्ही ठरवले की नकार द्यायचा नाही, मदत करायची. पण मदत कुठे संपते आणि बनावट कुठे सुरू होते? ‘आय अ‍ॅम हॅविंग’च्या जागी ‘आय हॅव’ केले, ही मदत. पुण्यातल्या प्रकल्पाची माहिती शेवटी होती ती वर आणली, हीही मदतच. ‘हे वाक्य तुला असे म्हणायचे आहे का’ असे विचारले आणि ती हो म्हणाली, इथे शंका सुरू होते, कारण शिक्षकापुढे ती नाही कधी म्हणणार? नियम करू गेलो तर प्रत्येक नियमाला भोक पडत होते. शेवटी एक साधी कसोटी सुचली. जे लिहिले असेल ते उर्दूत करून तिने अब्बांना वाचून दाखवायचे. सल्लागाराचा कागद पुढे करून आम्ही म्हणालो, “बेटा, आज रात्री घरी हे वाच.” तिने कागद घेतले नाहीत. पस्तीस हजारांचे ते दोन पान अजून आमच्या कपाटात आहे.

मग आम्ही दोघांनी नव्याने सुरुवात केली. सल्लागाराच्या कागदात एक खरी गोष्ट अर्ध्या ओळीत उरकली होती, ती आम्ही मध्यभागी आणली. मागावर कापसाची धूळ उडते. ती वर्षानुवर्षे छातीत जाऊन होणाऱ्या रोगाला डॉक्टरी भाषेत बिसिनोसिस म्हणतात. आमच्याकडे त्याला फक्त खोकला म्हणतात. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी ही मुलगी गल्लीतल्या कामगारांकडे वही घेऊन बसली होती: किती वर्षे काम, दिवसपाळी की रातपाळी, खोकला कधीपासून, सुटीनंतर पहिल्या दिवशी छाती जास्त भरते का. लोकांनी तिला चहा पाजला आणि अर्ध्या प्रश्नांना ‘सब ठीक है’ असे उत्तर दिले. उत्तरे न देणाऱ्यांचा हिशेब संख्याशास्त्रात कसा धरायचा, हे तिला शिकायचे होते. खरी नियत इतकी जवळ पडली होती, घरात रोज रात्री खोकत होती, आणि आम्ही चुलीचा उजेड शोधत होतो.

एक गोष्ट राहिली होती. दहावी २०१६, आणि अकरावीला प्रवेश २०१७. मधले वर्ष रिकामे. अर्जात हे विचारतात. आम्ही लिहिले की नोटबंदीमुळे माग बंद पडले, घरची कमाई थांबली, म्हणून एक वर्ष शिक्षण खंडित झाले. त्या हिवाळ्यात मालेगावात माग बंद होते, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. वाक्य आम्हाला आवडले. त्यात गरिबी होती, देशाचा इतिहास होता, आणि कोणाची बेअब्रू नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती अब्बांनाच घेऊन आली. ते दारात चप्पल काढून बसले, पाणी प्यायले, आणि म्हणाले, “सर, बच्ची ने पढ के सुनाया. सब अच्छा है. मगर वो नोटबंदी वाला काट दो. नोटबंदी तो नवंबर में हुई. एडमिशन जुलाई में था.”

आम्ही गप्प. ते पुढे म्हणाले, “मैंने बिठाया था घर में. लोग बोले, और मैं डर गया. लिख दो.”

नंतर त्यांनी ते वर्ष सांगितले. गल्लीतले कोण काय म्हणाले, ते सांगितले. मोठ्या मुलाचा डिप्लोमा होता, त्याची फी होती, तेही सांगितले. पण लगेच म्हणाले की फीचे कारण नंतर सुचलेले, आधी भीतीच होती. मुलगी वर्षभर घरी बसून शेजारच्या पोरांचे गणित घ्यायची. जूनमध्ये ते स्वतः तिला कोर्टाजवळ घेऊन गेले आणि शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर गॅपचे प्रतिज्ञापत्र करून आणले. त्यात कारण काय लिहिले आहे? ‘घरगुती अडचणीमुळे’. टायपिंगवाल्याकडे हे वाक्य तयारच असते. तो विचारतही नाही.

म्हणजे त्या एका वर्षाची तीन कारणे झाली होती. स्टॅम्प पेपरवर एक, सल्लागाराच्या कागदावर दुसरे, आणि आमच्या हस्ताक्षरात तिसरे. सल्लागाराने बापाला राक्षस केले होते, ते खोटेच. पण त्या खोट्यात एक काडीभर खरे होते, आणि आमच्या सज्जन वाक्यात तेही नव्हते. त्याने परक्यांना आवडेल असे लिहिले. आम्ही आपल्या लोकांना आवडेल असे लिहिले. आपल्या कौमबद्दल वाईट कोणी वाचू नये, ही आमची काळजी होती, आणि त्या काळजीत मुलीचे एक वर्ष आम्ही सरकारच्या नावावर टाकून मोकळे झालो होतो. साक्ष द्यायची तर स्वतःच्या आणि आपल्या माणसांच्या विरुद्धही द्यावी, हे आम्ही दीनियातच्या तासाला शिकवतो. ते करून दाखवले सातवी नापास झालेल्या एका मागवाल्याने.

मुलीने दोन वाक्ये लिहिली. वडिलांनी मला एक वर्ष घरी ठेवले. पुढच्या वर्षी त्यांनीच मला कॉलेजात नेले. लगेच खोकल्याकडे वळली. आम्ही तिसरे वाक्य सुचवले होते, जरा समजूत काढणारे. तिने ते घेतले नाही. ती पहिल्यांदाच आम्हाला नाही म्हणाली.

शिफारसपत्रांचे प्रकरण याहून घाणेरडे आहे. तीन हवी असतात, शिकवणाऱ्यांनी गुप्तपणे लिहिलेली. आपल्याकडे प्रथा अशी की प्राध्यापक म्हणतात, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ तिच्या एका प्राध्यापकांनीही हेच सांगितले. आता विचार करा, विशीतल्या मुलीने स्वतःबद्दल ‘माझ्या पाहण्यात अशी बुद्धिमान विद्यार्थिनी आली नाही’ असे दुसऱ्याच्या नावाने लिहायचे. विनयाने कमी लिहिले तर नुकसान तिचे. १९१६ साली कोलंबियाच्या प्रा. सेलिग्मन यांनी तरुण आंबेडकरांसाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या प्रा. फॉक्सवेल यांना पत्र लिहिले होते. ज्याने शिकवले, त्याने आपल्या हाताने लिहिलेले पत्र. त्यांना वेळ होता आणि आपल्या प्राध्यापकांना नाही, असे म्हणावे तर तेही खरे वाटत नाही. तिने शेवटी त्या प्राध्यापकांना केलेल्या कामाची एक यादी दिली आणि हात जोडून सांगितले की पत्र आपणच लिहा. महिनाभर हेलपाटे पडले. पत्र आले, सात ओळींचे. त्यात काय होते, ते तिने पाहिले नाही.

मार्चमध्ये दोन ठिकाणांहून होकार आला. पैसे कमी पडत होते, म्हणून तिने एका ट्रस्टच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला, आणि त्यांच्या फॉर्मला शाळेतल्या शिक्षकाचीही साक्ष हवी होती. म्हणजे आता आमची पाळी. फॉर्मवर एक प्रश्न होता: तुम्ही आजवर शिकवलेल्या विद्यार्थ्यांत हिचे स्थान कुठे? पुढे चौकोन. पहिल्या एक टक्क्यात, पाच टक्क्यांत, दहा टक्क्यांत, पंचवीस टक्क्यांत.

पेन उचलले ते पहिल्या चौकोनाकडेच गेले होते. मग आम्ही उठून जुन्या वह्या काढल्या, ज्यांत दर वर्षीचे गणिताचे गुण लिहून ठेवलेले असतात. दहा वर्षांत बाराशेच्या आसपास मुले आमच्या हाताखालून गेली. एक टक्का म्हणजे बारा. आम्ही बारा नावे काढत बसलो. गणितात तिच्यापेक्षा निश्चित पुढे असलेल्या चार मुली एकट्या तिच्याच तुकडीच्या मागेपुढे निघाल्या. चौघीही दहावीनंतर घरी बसल्या. त्यांच्यासाठी पुढच्या जूनमध्ये कोणी स्टॅम्प पेपर आणायला गेले नाही. आम्हीही त्यांच्या घरी गेलो नव्हतो.

आम्ही पाच टक्क्यांच्या चौकोनावर खूण केली. हा कागद बंद लिफाफ्यात मागितलेला नव्हता, म्हणून तो तिच्या हातात दिला. तिने पाहिला. म्हणाली, “सर, ते सल्लागार म्हणत होते, सगळे एक टक्काच लिहितात.”

आम्ही तिला त्या चार नावांची वही दाखवली. दोघी तिला आठवत होत्या. एकीचे सासर तिच्याच गल्लीत आहे, मागच्या बाजूला. तिचा नवराही मागावर असतो, आणि प्रकल्पाच्या वेळी वही घेऊन गेली तेव्हा चहा तिनेच केला होता.